गणवेश धुण्याआधी उलटा करून पाहा

संपादक महोदय,

जुन्या लष्करी गणवेशांच्या संग्रहावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. या छंदाला जागा दिलीत, आनंद वाटला. मात्र कोट ड्रायक्लीन करून आणि बटणे घासून चकचकीत करून मगच मांडावा, हा त्यातला सल्ला कोणी मनावर घेऊ नये.

लष्करी कोटाची ओळख पटते ती अस्तरावरून. बिल्ले काय, कोणीही कधीही शिवू शकतो. आतल्या खिशातली कापडी पट्टी, शाईचा शिक्का, हाताने लिहिलेला क्रमांक हे खरे पुरावे, आणि धुलाईत फिके पडतात तेही हेच. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकाच्या कपड्यांवर आडनावाचे आद्याक्षर आणि सेवाक्रमांकाचे शेवटचे चार अंक असत. एवढ्यावर अनेक नावे निघतात. मग खांद्यावरचे डिव्हिजनचे चिन्ह आणि हुद्दा यांच्या आधारे यादी आवळत न्यावी लागते. सैनिकाच्या सेवेची फाइल मागवून काम भागेलच असे नाही. १९७३ च्या जुलैत अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवेतून मुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची बरीचशी कागदपत्रे १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली. अशा वेळी अस्तरावरचे ते पुसट अंक हाच कित्येकदा उरलेला दुवा असतो.

धुलाईने आणखी एक तपासणी हातची जाते. कापड-दोऱ्याला पांढरेपणा आणणारी चमकद्रव्ये सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणून १९४० च्या कोटावरचा बिल्ला अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरा चमकला, तर संशय घ्यायचा. पण आजच्या साबणातही तीच द्रव्ये असल्याने धुतलेला अस्सल कोटही तसाच चमकतो. उलट, चमकला नाही म्हणजे अस्सल, असेही नाही. नकली माल करणाऱ्यांनाही हा दिवा ठाऊक आहे. दोऱ्याचा सुटा धागा जाळून पाहता येतो. सूत जळून मऊ राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. पॉलिस्टरचा दोरा युद्धानंतरचा. नायलॉनही वितळते आणि ते युद्धाआधीच आले होते, हे मात्र विसरू नये.

ब्रिटिश बटणांवरचा मुकुट काळ सांगतो, पण जपून. गोलाकार कमानींचा ट्यूडर मुकुट १९०१ ते १९५२ चा. एलिझाबेथ यांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या. आता चार्ल्स यांनी ट्यूडर धाटणी पुन्हा स्वीकारली आहे, त्यामुळे गोल कमान दिसली की १९५२ पूर्वीचे, हा सोपा नियम मोडीत निघाला. शिवाय बटणे बदलली जातात. जुन्या टाक्यांची भोके आणि बटणाआडचे न विटलेले कापड आधी पाहावे.

पितळ घासण्याचे द्रव तर नकोच. त्याची पांढरी पूड कापडात अडकून बसते, मुलामाही उडतो. हिरवा कळंक असेल तर मऊ ब्रशने झाडावा आणि बटणामागे पॉलिस्टर फिल्मची चकती सरकवावी.

कसर लागली असेल तर डांबरगोळ्या नकोत. त्यांच्या वाफेने जुने प्लास्टिक मऊ पडते. कोट पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नये, नाहीतर गार लोकरीवर दव धरते. चामड्याचे पट्टे, रंग दिलेल्या वस्तू यांना ही शिक्षा देऊ नये. जड ओव्हरकोट टांगला की खांदे ताणतात. तो आडवा, घड्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घालून ठेवावा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, प्रकाश ५० लक्सपर्यंत. पीव्हीसीचे कव्हर अजिबात नको.

निदान ड्रायक्लीनिंगच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

– एक संग्राहक