रबरी बूच बदलणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

प्रबंधाच्या आभारांत मार्गदर्शकांचं नाव पहिलं येतं आणि लॅबमधली माणसं शेवटच्या ओळीत, तीही सगळी एकत्र. म्हणून तुम्हाला हे वेगळं पत्र लिहिते आहे. ते चार लोकांनी वाचावं, अशीही माझी इच्छा आहे.

माझं एम.एस्सी.चं काम तुम्हाला आठवत असेल. विहिरीच्या पाण्यातलं जस्त मोजायचं होतं. त्यासाठी पीएआर हा अ‍ॅझो रंग वापरायचा होता. दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅरोमॅटिक वलयं, अशी त्याची रचना. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, तो पिवळा दिसतो. जस्ताचा आयन त्याने धरला की द्रावण नारिंगी-लाल होतं आणि ४९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषू लागतं. किती प्रकाश शोषला, त्यावरून जस्त किती ते कळतं. पुस्तकात हे इतकं सरळ आहे! लॅबमध्ये मात्र ब्लँकच, म्हणजे जस्त न घातलेला नमुनाच, कधी पिवळा, तर कधी नारिंगीकडे झुकलेला यायचा. स्टँडर्डचे, म्हणजे जस्ताचं ठरावीक प्रमाण असलेल्या द्रावणांचे, बिंदू ग्राफवर काही केल्या एका रेषेत बसेनात.

प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. बफरची बाटली उचललीत, तिचं रबरी बूच काढलंत आणि म्हणालात, "यात झिंक ऑक्साइड असतं, बाळ. रबर पक्कं करताना घालतात." मग दोन परीक्षानळ्यांत तेच पाणी, तोच बफर, तोच पीएआर घेतलात आणि एकीत बुचाचा तुकडा टाकून ठेवलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुकड्याची नळी नारिंगी झाली होती, दुसरी होती तशी पिवळी. त्याच दिवशी बुचं गेली, ड्रॉपरचे रबरी फुगे गेले, प्लास्टिकची झाकणं आली आणि सगळी काच पातळ नायट्रिक आम्लात भिजत पडली. ग्राफ त्यानंतर सरळ आला.

लिटरमध्ये अवघं ६५ मायक्रोग्रॅम जस्त असलं, तरी एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) शोषण साधारण ०.०७ येतं. पिण्याच्या पाण्यातल्या जस्ताची भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. त्याच्या कितीतरी खालचं पाहणाऱ्या या रंगाला बुचातलं जस्त दिसणारच. ही गोष्ट मला शिकवणाऱ्या कोणीच सांगितली नव्हती.

आणखी एक सवय तुमचीच. रंग आला की वेगळ्या नळीत ईडीटीएचे, म्हणजे धातूंना घट्ट धरणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकून बघायचं. पीएआर निवडक नाही. तांबं, निकेल, कोबाल्ट, जस्त सगळ्यांना धरतो. ईडीटीए जस्ताला ओढून घेतं आणि द्रावण पुन्हा पिवळं होतं. कोबाल्टचा लाल रंग मात्र हटत नाही. पीएआरशी बांधला गेलेला कोबाल्ट हवेतल्या ऑक्सिजनने तीन प्रभाराचा होतो आणि मग ईडीटीएला तो सोडवता येत नाही. पुढे नोकरीत एका नमुन्यात जस्त म्हणून मोजलं जाणारं बरंचसं कोबाल्ट निघालं, ते या थेंबांमुळेच. अहवाल जाण्याआधी ते सापडलं, याचं मोल तुम्हाला कळेल.

आता मी आर्सेनाझो-३ या धातू ओळखणाऱ्या दुसऱ्या रंगावरही काम करते. तीव्र आम्लात बहुतेक धातू त्याच्याशी जोडलेच जात नाहीत, थोरियम मात्र जोडलं जातं. त्यामुळे नको असलेल्या धातूंना रंगापासून दूर ठेवायला वेगळं रसायन घालावं लागत नाही. गुलाबी द्रावण हिरवं होताना बघायला तुम्ही हवे होतात, असं दर वेळी वाटतं.

माझ्याकडे नवी मुलं आली की पीएआरची बाटली उघडण्याआधी मी त्यांना तुमचा दोन नळ्यांचा प्रयोग लावायला देते आणि तो कोणाचा, तेही सांगते. दिवाळीत गावी येते आहे, तेव्हा घरी येईन. नव्या लॅबचे फोटो दाखवायचे आहेत, आणि काचसामान धुण्याच्या आमच्या पद्धतीत काही चुकत असेल तर तुमच्याकडून ऐकायचंही आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी