“अजून तुमचं वय नाही” म्हणून बाईला परत पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली दोन वर्षं जे सोसलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज बसले शेवटी. मी कराडजवळ एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे, वय ४१. एकोणचाळिसावं लागलं आणि पाळीचं गणितच बिघडलं. आधी अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस, ती एकदम एकवीस दिवसांत आली, मग सतरा, मग दीड महिना पत्ताच नाही आणि आली की आठ आठ दिवस अंगावर जायचं, काउंटर सोडून तासातासाला पॅड बदलायला उठावं लागायचं. रात्री तीनला जाग येणार म्हणजे येणारच, गाऊन पाठीला चिकटलेला. थंडीत सगळं घर गोधडीत आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर भिंतीला पाठ लावून बसलेली, जरा गार लागावं म्हणून.

एक दिवस पाचशेचं बंडल मोजत होते आणि छातीपासून डोक्यापर्यंत गरम वाफ चढली, कपाळावरचा घाम टपकन नोटेवर पडला, मोजणी चुकली, परत मोजलं परत चुकलं. समोर एक काका उसाच्या बिलाचे पैसे न्यायला आलेले. ते म्हणाले, “ताई, पाणी प्या, बसा जरा, मला घाई नाही.” मी आत जाऊन रडले. चौदा वर्षांत माझी कॅश कधी चुकली नव्हती हो, मला वाटलं माझं डोकंच फिरायला लागलंय. घरी मुलांवर उगाच ओरडायचे, मग रात्री त्यांच्या अंगावर पांघरूण घालताना डोळे भरून यायचे.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की पाळी जायचं अजून तुमचं वय नाही, टेन्शन घेऊ नका, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सोनोग्राफी केली, पिशवीला सूज आहे म्हणाले, दोन मुलं झालीत ना, मग काढून टाका, कटकट मिटेल. तारीखसुद्धा दिली. रक्त तपासलं नाही, झोप लागते का विचारलं नाही. आणि खरं सांगते, मी तयार झाले होते. जाऊबाईंची काढलेली, शेजारी दोघींची काढलेली, आमच्याकडे चाळिशीतली पिशवी म्हणजे दुखरा दात काढल्यासारखं बोलतात.

नणंदेने अडवलं. वहिनी, अजून एकदा दाखवू म्हणाली आणि मला पुण्याला घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी पहिलं विचारलं की पाळीच्या तारखा लिहिता का. मी घरी कालनिर्णयवर तारखेला पेनाने गोल करते, माझी सवयच आहे, तर मुलीला फोन करून दोन वर्षांच्या पानांचे फोटो मागवले. मॅडमनी एकेक महिना मोठा करून बघितला आणि वहीत दिवस मांडले. त्यांनी आधी प्रेग्नन्सी नाही ना हे बघितलं, मग थायरॉईड, हिमोग्लोबिन (८.४ निघालं, म्हणूनच जिना चढताना धाप लागायची) आणि एफएसएच नावाचं हॉर्मोन, तेसुद्धा महिन्याच्या अंतराने दोनदा. मग नीट समजावलं. पाळी जाण्याच्या आधीची ही काही वर्षं असतात, त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. ओव्हरी (अंडाशय) एका महिन्यात जास्त काम करते, पुढच्यात करतच नाही, म्हणून एकाच बाईला अंगावरही जातं आणि गरम वाफाही येतात, आणि म्हणूनच एखादा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काही नाही असं धरायचं नसतं. ४५ च्या आत पाळी कायमची गेली तर ती लवकर गेली म्हणतात, ४० च्या आत असेल तर त्याची तपासणी अजून खोलात करतात, कारण इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीत तयार होणारं हॉर्मोन, त्याच्याशिवाय जितकी जास्त वर्षं जातात तितकी हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. म्हणजे हे सहन करून संपणारं प्रकरण नाही.

मला आयर्न दिलं, त्वचेला लावायची इस्ट्रोजेनची जेल दिली आणि पिशवी जागेवर आहे म्हणून सोबत रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी. त्याआधी ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताची गाठ, लिव्हर, बीपी सगळं विचारलं, मॅमोग्राफी केली. हॉर्मोन म्हटल्यावर मी घाबरले, ऐकलेलं की कॅन्सर होतो. मॅडम म्हणाल्या ही भीती मुख्यतः २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासापासून बसली, त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. माझ्या वयाला शरीरात जे असायला हवं तेच आपण भरून काढतोय. ज्यांना हॉर्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. आणि पाळी चुकते म्हणून दिवस राहणार नाहीत असं समजू नका हेही बजावलं. त्या वेळी हे सोबत होते, सगळं त्यांच्यासमोर झालं. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, मला वाटायचं तू माझ्यावर चिडतेस.

आता सहा महिने झाले. झोप लागते, काउंटरला बसवतं. सांधे अजून सकाळी आखडतात, शब्द मध्येच आठवत नाहीत, पण ते का होतंय हे आता माहिती आहे. आमच्या भिशीत अकरा जणी आहोत, परवा मी धीर करून सगळं सांगितलं तर तिघी म्हणाल्या आमचं डिट्टो हेच. एकीची पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख होती, ती आता आधी दुसरीकडे दाखवणार आहे. पिशवी कधी काढावीच लागते, ते नाकारत नाही, पण तपासणी न करता ती पहिली सूचना कशी असू शकते? २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ओव्हरी ठेवली तरी पुढे लक्षणं लवकर सुरू होऊ शकतात, हे त्यातल्या किती जणींना आधी कोणी सांगितलं असेल?

माझं मागणं मोठं नाही. आरोग्य शिबिरात बीपी-शुगर बघतात, तिथेच पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला विचारा की पाळी कशी आहे, झोप लागते का, वाफा येतात का, आणि उत्तर वहीत लिहून घ्या. आणि तुमच्या पुरवणीत आठवड्यातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना वाचकांच्या प्रश्नांसाठी जागा द्या, नाव न छापता.

पहिला प्रश्न माझाच घ्या. मॅडमनी विचारलं होतं की तुमच्या आईची पाळी कधी गेली, कारण हे घराण्यात असू शकतं. मला सांगता आलं नाही. आईची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली, त्यामुळे तिची पाळी आपोआप कधी गेली असती हे आईलाच माहीत नाही. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. तिला मी हे कितव्या वर्षी सांगू आणि तिने कशावर लक्ष ठेवायचं?

आपली,
एक वाचक, कराड तालुका
(कृपया नाव छापू नये)