पन्हळीचे काम ठरवले आहे

रत्नागिरीला, ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका, पण पन्हळीच्या कामासाठी मी येत्या बुधवारी कारागीर ठरवला असून त्याला आगाऊ पैसेही दिले आहेत. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे, तर ओल्या पायरीवर आईचा पाय घसरल्यापासून मला पुण्यात नीट झोप लागत नाही म्हणून.

गेल्या महिन्यात आले होते तेव्हा उताराच्या खालच्या टोकापासून एकेक सांधा वर सरकत तांब्याने पाणी ओतून पाहिले. तिसऱ्या सांध्यातून निघालेला थेंब लगेच पडला नाही. पन्हळीच्या खालच्या कडेने हातभर सरकत गेला आणि मग पायरीवर पडला. तुम्ही तीन वर्षे डांबर लावलेत ते थेंब पडतो तिथे, म्हणून ते टिकले नाही. यात तुमची चूक नाही, पाणीच लबाड आहे.

त्या सांध्यावर मी खडूने खूण केली आहे, ती पुसू नका. कारागिराकडून जुने डांबर आणि गंज तारेच्या ब्रशने आधी पूर्ण खरवडून घ्या, कारण डांबरावर किंवा ओल्या पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही. पत्रा कोरडा झाल्यावर सिलिकॉन आतल्या बाजूने, रिवेटच्या डोक्यांवरही भरायचे आणि दिवसभर तिथे पाणी पाडायचे नाही. पाणी काठावरून सांडत असेल, तर ती गळती नसून आंब्याची पाने तुंबलेली असतात. ती काढायला शेजारच्या दादांना सांगा. मृग जेमतेम तीन आठवड्यांवर आला आहे आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा चालढकल नको.

शिडीही मी शेजारच्या दादांकडेच ठेवायला दिली आहे. लहानपणी तुम्ही वर चढलात की ‘घट्ट धर गं’ म्हणायचात आणि मी दोन्ही हातांनी शिडी धरून डोळे मिटून घ्यायचे. आता धरायला मी तिथे नाही, मग तुम्ही चढायचे नाही. आई, कारागिराला चहा दे, पण त्याच्यासाठी स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. तुझ्या गुडघ्याचे तेल पार्सलने पाठवले आहे, ते रोज लाव.

मागच्या पडवीला मात्र पन्हळ लावू नका, असे मी कारागिराला बजावले आहे. तिथल्या पागोळ्या मला तशाच हव्यात.

तुमची,
मनू