माव्याआधी ढालकिडा बघा

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

माघ लागला. मांडवावरच्या वालाला कोवळे शेंडे फुटले असतील आणि त्यावर रस शोषणारी बारीक कीड, काळा मावाही दिसायला लागला असेल. बाबा, तो दिसला की लगेच पंप काढू नका. आधी शेंडा उलटा करून नीट बघा.

माव्याच्या गर्दीत राखाडी-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीच्या इवल्या पिल्लासारख्या अळ्या फिरत असतील तर त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या. किडीची अळी समजून बहुतेक जण चिरडतात त्या ह्याच, आणि मावा खातात त्याही ह्याच. पानाखाली घोळक्यानं उभी पिवळी अंडी दिसली तर तीही त्याचीच, ते पान तोडू नका. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः व्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून किडा व्हायला तीनेक आठवडे लागतात. जहाल औषध मारलं की दोघंही मरतात. मावा लगेच परततो, ढालकिडा मागे राहतो.

मुंग्यांकडे मात्र आजच बघा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात. मांडवाच्या प्रत्येक खांबाला वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. वेलाच्या खोडालाही तसंच, पण सालीला ग्रीस लागू देऊ नका. एक फांदी जरी जमिनीला टेकली तरी मुंग्यांना वाट मिळते, ती वर बांधून टाका.

ढालकिडे नसतील आणि शेंडे आखडत असतील, तर आधी पाण्याची जोराची धार. त्यानंही भागलं नाही तर निंबोळी अर्क: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी. आई, ती खलबत्त्यात भरड कुटून फडक्यात बांध आणि रात्रभर भिजत ठेव. सकाळी पुरचुंडी पिळून पाणी दुहेरी कापडानं गाळ, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. त्यात २ ग्रॅम साबण विरघळव. बुरशी धरलेली निंबोळी घेऊ नकोस, अर्कात जोर येत नाही. फवारणी त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर करायची. उन्हात अर्काचा गुण जातो. उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नका.

आंब्याच्या कलमाचं वेगळं आहे. फांदी हलवल्यावर पानांवर बारीक टपटप ऐकू आली आणि खालची पानं चिकट, चकचकीत दिसली की तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे उड्या मारणारे बारीक किडे, आले समजा. त्या चिकट्यावरच पुढे काजळी, म्हणजे काळी बुरशी चढते. अर्क मारायचा तर मोहोराची फुलं उमलण्याआधी. फुलं उघडली की सातेरी मधमाश्या आणि साध्या माश्या परागीकरण करतात, तेव्हा काहीही मारू नका. आतल्या दाट फांद्यांमुळे तुडतुड्यांना सावली मिळते, पण त्या आता छाटू नका. आंबे उतरल्यावर गड्याकडून विरळ करून घ्या.

आणि बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. लांब नळीचा पंप जमिनीवरून जेवढं पोचेल तेवढंच.

तुमची,
लेक