आधी मजुरी, मग उपास

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तू साइटवरून फोन केलास. चाळीस दिवस मटण-मच्छी, दारू, गोडधोड सगळं बंद, म्हणालास. घरापासून लांब राहूनही उपवासकाळ पाळतोस, याचं मला फार समाधान वाटलं. पण त्याच फोनवर तू सांगितलंस, की बिल्डरने बिल अडकवलंय आणि बिगाऱ्यांची दोन आठवड्यांची मजुरी थकली आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 58वा अध्याय काढून वाच. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तुझं लक्ष का नाही? उत्तरात खाण्यापिण्याचा हिशोब नाही. उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, हे देव आधी काढतो. मग म्हणतो, अन्यायाची बंधनं तोडा, गांजलेल्यांना मोकळं करा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. बंधनं आधी, भाकर नंतर. ज्याची मजुरी आपल्याकडे अडकली आहे, त्याला दानपेटीतून शिधा देणं हे दान कसलं? पैसे त्याचेच आहेत.

बायबलमधल्याच लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात तर मजुराची मजुरी रात्रभरही स्वतःकडे ठेवू नका, असा नियमच आहे. कारण तुझ्या साइटवर दिसेल. पैसे थकले की वाणी उधारी बंद करतो, मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, ती पुढच्या हजेरीतून कापली जाते. पोटाला चिमटा तेही घेतात, फक्त तो त्यांनी ठरवलेला नसतो.

दुसऱ्या शतकात रोममधल्या हर्मास नावाच्या ख्रिस्ती माणसाने लिहून ठेवलंय, की उपासाच्या दिवशी भाकर आणि पाणी एवढंच घ्या, न खाल्लेल्या जेवणाची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या. आपल्याकडे शुक्रवारी मटण टाळून पापलेट आणतात. नियम पाळला जातो, पण गरिबापर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही.

बिल्डरशी तुझा वाद चालू राहू दे. बिगाऱ्यांनी त्याची वाट का पाहावी? ईस्टरला नवी गाडी घ्यायची म्हणून तू पैसे बाजूला टाकले आहेस. त्यातून येत्या शनिवारी थकलेली मजुरी चुकती कर. मुकादमाकडे एकरकमी देऊ नकोस. हजेरीवही समोर ठेवून ज्याचे त्याच्या हातात दे. स्लॅबच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत थांबले त्यांचा ओव्हरटाइमही धर.

पप्पांशी बोलले आहे. यंदा ईस्टरचा खर्च आम्ही आवरता घेतोय. तुला कमी पडले तर किती ते शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे पप्पा बँकेत जाऊन येतील.

तुझी,
आई