‘लाइफटाइम’ गिअर ऑइल आणि माझ्या माथी मारलेला निष्काळजीपणा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई

विषय: गिअरबॉक्सचा वॉरंटी क्लेम ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ हे कारण देऊन फेटाळल्याबाबत

महोदय,

माझी सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारी) ऑटोमॅटिक गाडी मी ऑक्टोबर २०२० मध्ये तुमच्याच शोरूममधून घेतली. पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची वाढीव वॉरंटीही पैसे मोजून घेतली. आजवर एक सर्व्हिस चुकवली नाही, की बाहेरच्या गॅरेजची पायरी चढलो नाही.

मे २०२५ मध्ये, ६८ हजार किलोमीटरवर, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गांधीनगरचा पूल चढताना गाडी थरथरू लागली. पाय दाबावा तर इंजिन ओरडते, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर जातो आणि गाडी बैलगाडीच्या चालीने सरकते. मागून हॉर्न. पूल उतरून कडेला अर्धा तास उभी केली, तर पुन्हा काही झालेच नाही अशी चालली. आठवड्यात हे तीनदा झाले.

वर्कशॉपने १ लाख ८५ हजारांचे एस्टिमेट हातात दिले आणि क्लेम नाकारला. कारण एका ओळीचे: ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा, गिअर ऑइल वेळेत न बदलल्याने बिघाड.’

वेळेत म्हणजे कधी? २०२३ मध्ये ४० हजारांच्या सर्व्हिसला मी स्वतः विचारले होते, गिअर ऑइल बदलायचे का? तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरचे उत्तर व्हॉट्सॲपवर आहे: ‘सर, लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायची गरज नाही.’ स्क्रीनशॉट जोडला आहे. कोणाचे लाइफटाइम, हे तेव्हा विचारायला हवे होते.

क्लेम नाकारल्यावर मी मॅन्युअल बारकाईने वाचले. ‘कठीण वापर’ या मथळ्याखाली लिहिले आहे की उन्हाळी हवामानात सतत थांबत-निघत गाडी चालवत असाल तर दर ४० हजारांनी सीव्हीटी ऑइल बदला. मी रोज मुलुंड ते अंधेरी जातो. त्या रस्त्यावर मेट्रो ६चे काम चालू आहे. रांगणे हाच माझा प्रवास. मुंबईतल्या वर्कशॉपला हा वापर ‘कठीण’ वाटत नसेल, तर तो मथळा कुठल्या शहरासाठी लिहिलाय?

सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींच्या चिमटीत फिरतो. त्याला पकड देणे, दाब पुरवणे, उष्णता वाहून नेणे ही सगळी कामे ते एक ऑइल करते. ते तापून तापून निकामी झाले की पट्टा घसरतो. हे मला समजावून सांगितले तुमच्याच मेकॅनिकने, आणि त्याच्यावर माझा राग नाही. त्याने माझ्यासमोर गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन खोलला. ऑइल टपरीवरच्या कढत ठेवलेल्या चहासारखे काळपट, करपलेल्या वासाचे. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लोखंडी चिखल साचला होता. बोटाने पुसल्यावर तो चिमटीत चमकत होता.

आता खरी गोष्ट. माझ्या प्रत्येक जॉबकार्डावर ‘गिअर ऑइल: तपासले, ओके’ अशी खूण आहे. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळई, नाही. गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवून ऑइलचे तापमान स्कॅनरवर बघायचे आणि मग प्लग उघडायचा, असे मॅन्युअलच सांगते. ६० हजारांच्या सर्व्हिसला मी काचेच्या खिडकीशी दोन तास बसून होतो. गाडी धुतली, इंजिन ऑइल बदलले, चाके काढून ब्रेक साफ केले. स्कॅनर जोडलेला दिसला नाही, खालचा प्लग कोणी उघडला नाही. खूण मात्र झाली! कोणी सांगेल का, कसे तपासले?

म्हणजे मी विचारले तेव्हा गरज नाही, आणि बिघाड झाल्यावर गरज होती. दोन्ही वेळा सांगणारे तुम्हीच.

माझे म्हणणे एवढेच: गिअरबॉक्स वॉरंटीत दुरुस्त करा किंवा बदला. क्लेमच्या कागदावरचा ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढा. आणि मुंबईतल्या ग्राहकांना ४० हजारांना ऑइल बदलायचे लेखी कळवा, नेमक्या सीव्हीटी ऑइलचे नाव घालून. कारण कुठलेही साधे ऑटोमॅटिक गिअर ऑइल त्यात ओतले तर तेही नडते. ऑइल बदलण्याचा खर्च मी तेव्हा आनंदाने दिला असता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जॉबकार्डे, मॅन्युअलचे पान आणि एस्टिमेट यांच्या प्रती सोबत आहेत.

कळावे,
आपला ग्राहक,
मुलुंड (पूर्व)

ता.क. मेकॅनिकने काढलेले ऑइल मी बिसलेरीच्या बाटलीत भरून घरी आणले आहे. बायको रोज विचारते, ही कधी फेकणार. उत्तर तुमच्याकडे आहे.