कायदा झाला, पण तपासायचा कुणी?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवरील लेखात १८३३ च्या फॅक्टरी कायद्याचे सारे श्रेय संसदेतील दयाळू मंडळींना दिले आहे, ते मला एकांगी वाटते. गिरण्यांतील मुलांसाठी १८०२ आणि १८१९ मध्येही कायदे झाले होते. पण त्यांची अंमलबजावणी स्थानिक मॅजिस्ट्रेटांच्या भरवशावर सोडलेली होती आणि ही मंडळी पुष्कळदा गिरणीमालकांच्याच गोतावळ्यातली असल्याने ते कायदे कागदावरच राहिले.

ऑक्टोबर १८३० मध्ये यॉर्कशरमधील एका जमीनदाराचे कारभारी रिचर्ड ओस्टलर यांचे पत्र ‘लीड्स मर्क्युरी’ या वृत्तपत्राने छापले. ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांत सात ते चौदा वर्षांची मुले सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत राबतात आणि त्यांना जेमतेम अर्ध्या तासाची सुटी मिळते, हे त्यात होते. त्यानंतर यॉर्कशरमध्ये कामाचे तास कमी करण्यासाठी मजुरांच्या समित्या उभ्या राहिल्या. (वाचकांच्या पत्रांनी काय होते, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

१८३३ च्या कायद्यातली खरी नवी गोष्ट म्हणजे सरकारने नेमलेले चार निरीक्षक. कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले घ्यायची नाहीत, असे ठरले खरे. मात्र जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये, तेव्हा वय सिद्ध करायचे कसे? डॉक्टरने पोराला समोर उभे करून, अंगापिंडाने ते नऊ वर्षांचे दिसते, असा दाखला द्यायचा. पोराच्या मजुरीवर चूल पेटणारे आईबाप वय वाढवून सांगत आणि मालकाला ते सोयीचेच होते. पुढे एका दंतवैद्याने तर दातांवरून वय ओळखण्याची पद्धत सुचवली! चार माणसांना देशभरच्या गिरण्या कुठून पुऱ्या पडणार? तरीही लिओनार्ड हॉर्नर यांच्यासारख्या निरीक्षकांनी वर्षानुवर्षे अहवाल लिहिले आणि मालकांवर खटले भरले, म्हणून ही लबाडी सरकारदरबारी नोंदली गेली.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात किमान वय सातच वर्षे होते आणि शंभरांहून कमी कामगारांचे कारखाने त्यातून सुटले होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईतील गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून साप्ताहिक सुटी मागावी लागली. लेखमालेच्या पुढील भागात या निरीक्षकांविषयी आणि मजुरांच्या समित्यांविषयीही लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर